उत्तरेकडची जमीन फुगते कशी, आणि तिच्यावर कोण जगतं

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात स्पिट्सबर्गन नावाचं बेट आहे. तिथल्या क्वाडेहुक्स्लेटा या किनारी सपाटीवर दगडांची वर्तुळं दिसतात. एकेक वर्तुळ काही मीटर रुंद, आत बारीक माती, भोवती दगडगोट्यांचं उंचावलेलं कडं, आणि अशी कितीतरी वर्तुळं एकाला एक खेटून. त्यांची छायाचित्रं समाजमाध्यमांवर फिरतात तेव्हा सोबतचा मजकूर जवळपास ठरलेला असतो: परग्रहवासी, लुप्त झालेली प्रगत संस्कृती, ‘विज्ञानालाही न सुटलेलं कोडं’. हे कोडं बऱ्याच अंशी सुटलेलं आहे. ही वर्तुळं माणसाने किंवा परग्रहवासीयांनी रचलेली नाहीत, मातीतलं पाणी वर्षानुवर्षं गोठून आणि वितळून ती तयार झाली आहेत. खरं उत्तर माहीत नसल्यामुळे आपण किती विलक्षण गोष्टीला मुकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

ही सपाटी ज्या द्वीपकल्पाच्या टोकाला आहे, त्याच द्वीपकल्पावर न्यू-ओलसुंड ही संशोधकांची वसाहत आहे आणि तिथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

शाळेच्या भूगोलात टुंड्रा प्रदेशाच्या वाट्याला दोन ओळी येतात: अतिशय थंडी, शेवाळं आणि दगडफूल. त्यामुळे उत्तरेकडे सगळं एकसारखं, पांढरं आणि ओसाड असणार असा आपला पक्का समज होतो. फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे किल्पिसयार्वी नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर १०२९ मीटर उंचीचा साना डोंगर. त्याच्या खडकांमध्ये डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीच्या जातीतल्या खडकाचा एक थर आहे. या थराच्या आसपास आठ पांढऱ्या पाकळ्यांचं ड्रायस आणि जांभळट गुलाबी फुलांचं लॅपलंडचं बुटकं ऱ्होडोडेंड्रॉन अशी चुना मानवणारी झाडं भेटतात. थोडं बाजूला, आम्लधर्मी खडकावर, क्रोबेरी आणि ब्लूबेरीची झुडपं. पाऊस तोच, थंडी तीच, उन्हाळाही तेवढाच. बदलला तो फक्त पायाखालचा खडक.

खडक, खनिजं, माती, भूरूपं, पाण्याच्या वाटा आणि हे सगळं घडवणाऱ्या प्रक्रिया, या निर्जीव विविधतेला भूविविधता म्हणतात. जैवविविधता हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, भूविविधतेचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही. युनेस्कोने २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन जाहीर केला. आपल्याकडे तो येतो आणि जातो. फिनलंडमधल्या औलू आणि हेलसिंकी या विद्यापीठांतले भूगोलतज्ज्ञ गेली अनेक वर्षं एक साधा प्रश्न विचारत आहेत: एखाद्या ठिकाणी किती प्रकारच्या वनस्पती असतील, हे हवामान आणि उंची यांवरून सांगता येतं तितकंच पुरेसं आहे, की जमिनीची विविधताही हिशेबात धरली तर अंदाज सुधारतो? उत्तर वारंवार ‘सुधारतो’ असं येत आहे. का सुधारतो, ते समजायचं तर मातीच्या आत उतरावं लागेल.

पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे आपण शाळेत शिकलो. फ्रीजरमध्ये ठेवलेली भरलेली बाटली फुटते ती यामुळेच. मग थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन फुगते, रस्ते उखडतात, तेही यामुळेच, असं आपण धरून चालतो. आता हिशेब करून पाहा. एक मीटर खोलीच्या मातीत ४० टक्के पाणी आहे आणि ते सगळं जागच्या जागी गोठलं, असं समजा. जमीन वर येईल ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात ती कितीतरी जास्त, काही ठिकाणी काही डेसिमीटर वर येते. उरलेली उंची कुठून आली?

अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० साली या प्रश्नाचा निकाल लावला. त्यांची युक्ती इतकी सुंदर आहे की तिच्यासाठीच त्यांचं नाव प्रत्येक शाळेत घेतलं जावं. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरलं. बेंझीन गोठताना प्रसरण पावत नाही, उलट आकुंचन पावतं. तरीही माती फुगली! म्हणजे फुगण्याचं मुख्य कारण ते ९ टक्के नव्हतंच. पुढे २००० साली हाच परिणाम आर्गॉनसारख्या मूलद्रव्यातही दाखवला गेला.

मग होतं काय? जमीन वरून गोठत जाते तेव्हा बर्फ खालच्या, अजून न गोठलेल्या मातीतलं पाणी आपल्याकडे ओढून घेतो. समईची वात तेल वर खेचते तसं पाणी मातीच्या बारीक फटींतून वर चढतं आणि गोठणाऱ्या थरापाशी येऊन बर्फात सामील होतं. तिथे शुद्ध बर्फाचा आडवा पापुद्रा तयार होतो. त्याला हिमभिंग म्हणू. पाण्याचा पुरवठा चालू आहे तोवर हे भिंग जाड होत जातं आणि वरची माती उचलत जातं. गोठलेल्या मातीचा उभा छेद घेतला, तर माती, बर्फ, माती, बर्फ असे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

वातीची उपमा इथे सोडून द्यायला हवी, कारण खेचणारं बल वेगळं आहे. मातीचा कण आणि बर्फ एकमेकांना थेट चिकटत नाहीत. त्यांच्या मधे काही नॅनोमीटर जाडीची पाण्याची फिल्म शून्य अंशाखालीही द्रवच राहते, कारण खनिजाच्या पृष्ठभागाजवळच्या रेणूंना स्फटिकात बसण्यापेक्षा द्रवरूपात राहणं ऊर्जेच्या हिशेबाने परवडतं. तापमान जितकं खाली, तितकी ही फिल्म पातळ. जमिनीत वर थंड आणि खाली त्या मानाने ऊब असते, त्यामुळे फिल्मच्या जाडीत आणि तिच्यातल्या दाबात खालून वर असा उतार तयार होतो आणि पाणी उबेकडून थंडीकडे वाहतं. बर्फ किती जोर लावू शकतो, हेही काढता येतं. बर्फाची घनता, त्याची वितळण्याची सुप्त उष्णता आणि केल्विनमधलं गोठण तापमान घेतलं, तर गोठणबिंदूखाली प्रत्येक अंशामागे सुमारे ११ लाख पास्कल, म्हणजे साधारण ११ वातावरणांचा दाब येतो. ही सैद्धांतिक कमाल मर्यादा आहे, पण एका अंशाच्या फरकातून पन्नास मीटर जाडीच्या मातीचं ओझं पेलण्याइतकं बल मिळू शकतं, हे वाचून मी पहिल्यांदा आकडेमोड पुन्हा करून पाहिली होती. आकडा बरोबर आहे.

आता यात खडक कुठे आला? कणांच्या आकारात आला. वाळूचे कण मोठे, त्यामुळे फटीही मोठ्या. त्यांत ही ओढ फारशी टिकत नाही आणि वाळू क्वचितच फुगते. चिकणमातीत ओढ प्रचंड, पण फटी इतक्या सूक्ष्म की पाणी सरकता सरकत नाही. या दोन्हींच्या मधला पोयटा, म्हणजे गाळाची बारीक माती, यात ओढही असते आणि पाण्याला वाटही असते. म्हणून सगळ्यात जास्त फुगतो तो पोयटा. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गाळात कुठे वाळू, कुठे पोयटा, कुठे दगडगोटे असा काहीही क्रम असतो. त्यामुळे एकाच उतारावर एक तुकडा शतकानुशतकं शांत पडून राहतो आणि दहा पावलांवरचा तुकडा दरवर्षी ढवळला जातो.

दगडांची वर्तुळं या ढवळण्यातूनच होतात. दगड ओल्या मातीपेक्षा उष्णता लवकर जाऊ देतो, त्यामुळे त्याच्या खाली बर्फ आधी धरतो आणि त्याला वर ढकलतो. वितळताना खालच्या पोकळीत बारीक माती घसरते आणि दगड पुन्हा पूर्ण खाली बसू शकत नाही. असं करत दगड वर येतात आणि बाजूलाही सरकतात: दगड दगडांकडे, माती मातीकडे. मार्क केसलर आणि ब्रॅडली वर्नर यांनी २००३ मध्ये संगणकावर हे मोजके नियम घालून पाहिले. दगडांचं प्रमाण, जमिनीचा उतार आणि दगडी पट्ट्यांवर बाजूने येणारा दाब एवढंच बदलत गेल्यावर वर्तुळं, बहुभुज, नागमोडी जाळं आणि उतारावरचे समांतर पट्टे असे सगळे नमुने आपोआप उमटले. स्पिट्सबर्गनवर दिसतात तेच!

वनस्पतींच्या दृष्टीने ही हालचाल आपत्तीही आहे आणि संधीही. दरवर्षी वर-खाली होणाऱ्या मातीत कोवळ्या रोपांची मुळं तुटतात, म्हणून अशा वर्तुळांच्या मध्यभागी बरेचदा उघडी माती किंवा दगडफुलांची पातळ साय असते. पण दाट वाढून बाकी सगळ्यांना दाबून टाकणारी झुडपंही तिथे तग धरू शकत नाहीत, त्यामुळे लहानखुऱ्या, चिवट वनस्पतींना जागा मिळते. कडेला, जिथे जमीन स्थिर असते, तिथे शेवाळं आणि खुजी झुडपं. वाऱ्याने बर्फ उडून जाणाऱ्या उंचवट्यावर डायापेन्सिया या खुज्या वनस्पतीच्या घट्ट गाद्या. उशिरापर्यंत बर्फ साचून राहणाऱ्या खळग्यात जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचा विलो. पीटर ले रू, मिस्का लुओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्पिसयार्वीच्या परिसरात एक-एक चौरस मीटरचे चौकोन आखून प्रत्येकातल्या वनस्पती आणि जमिनीची हालचाल नोंदवली. कुठली वनस्पती कुठे असेल हे सांगताना जमिनीच्या ढवळण्याची माहिती घातली, तर अंदाज सुधारतो, असं त्यांना २०१३ मध्ये दाखवता आलं. उपग्रहाच्या चित्रात किंवा हवामानाच्या नकाशात एका ठिपक्यात मावून जाणारा फरक झाडाच्या मुळाला मात्र जीवनमरणाचा असतो.

आपल्याकडे कास पठारावर हे तत्त्व वेगळ्या रूपात दिसतं. जांभ्यावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात साचणारं पाणी आणि अन्नद्रव्यांची टंचाई, म्हणूनच तिथे कीटक खाऊन नायट्रोजन मिळवणारी सीतेची आसवं फुलतात. फुलांचे फोटो काढणाऱ्यांतले किती जण जांभ्याचा फोटो काढतात?

पुन्हा उत्तरेकडे जाऊ. हिमभिंगांची सगळ्यात मोठी करामत म्हणजे पाल्सा. लॅपलंडच्या, म्हणजे फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या, दलदलींमध्ये अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, म्हणजे पीटचे, जाड थर असतात. त्यातून मधेच काही मीटर उंच टेकाडं वर आलेली दिसतात आणि त्यांच्या पोटात वर्षभर न वितळणारा बर्फ असतो. हा बर्फ उन्हाळ्यात टिकतो तो पीटमुळे. कोरडं पीट उत्तम उष्णतारोधक असतं, त्यामुळे उन्हाळ्याची ऊब आत शिरत नाही. शरद ऋतूत तेच पीट भिजतं आणि मग गोठतं. बर्फ पाण्याच्या जवळपास चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून हिवाळ्यात आतली ऊब झपाट्याने बाहेर पडते. आत जायला बंदी आणि बाहेर पडायला मोकळीक, अशी ही एकतर्फी व्यवस्था. त्यात टेकाड थोडं उंचावलं की वारा त्याच्यावरचा हिमथर उडवून नेतो, थंडी आणखी खोल जाते आणि टेकाड आणखी उंच होतं. फिनिश भूगोलतज्ज्ञ मत्ती सेप्पाला यांनी १९७० च्या दशकात दलदलीतल्या एका लहान तुकड्यावरचा बर्फ काही हिवाळे मुद्दाम साफ केला, आणि तिथे खरोखरच एक छोटा पाल्सा उभा राहिला.

या टेकाडांमुळे एकाच दलदलीत कोरडी माथी, ओले उतार आणि कोसळलेल्या जुन्या पाल्सांच्या जागी झालेली तळी शेजारी शेजारी असतात. कोरड्यावर दगडफूल आणि झुडपं, ओल्यात कापूसगवत, तळ्यांकाठी चिखलात चोच खुपसणारे पक्षी. युरोपीय संघाच्या अधिवासविषयक निर्देशात पाल्सा दलदलींना प्राधान्याने जपण्याचा दर्जा आहे.

कागदावरच्या दर्जाने बर्फ टिकत नाही. स्टीफन फ्रॉन्झेक, लुओटो आणि टिमोथी कार्टर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार सरासरी तापमान १ अंशाने वाढलं, तर उत्तर युरोपातलं पाल्सांना मानवणारं क्षेत्र जवळपास निम्म्यावर येतं आणि ४ अंशांनी वाढलं तर ते उरतच नाही. स्वीडनमधल्या अबिस्को इथे वर्षाची सरासरी एव्हाना शून्य अंश ओलांडून गेली आहे. जवळच्या स्टॉर्डालेन दलदलीत पाल्सा खचत आहेत, कोरड्या माथ्यांच्या जागी पाणी साचून कापूसगवत वाढत आहे आणि तिथून मिथेन हा तापमानवाढीला हातभार लावणारा वायू अधिक प्रमाणात बाहेर पडत आहे. मिथेनच्या बातम्या आल्या की ‘उत्तरेचा बॉम्ब’ असे मथळे येतात. कृपा करून त्यांच्यावर विसंबू नका. मिथेन किती बाहेर पडतो हे त्या त्या तुकड्यातलं पाणी, पीट आणि वनस्पती यांवर ठरतं, आणि ते एकाच दलदलीत पावलागणिक बदलतं. म्हणूनच तर तिथे तुकड्या-तुकड्याने मोजणी करावी लागते.

वनस्पतीचं बी साठवता येतं. स्वालबार्डमध्येच २००८ पासून जगभरच्या पिकांच्या बियांचं भांडार आहे. पाल्सा असा साठवता येत नाही. त्यामुळे पीट कुठे जाड आहे, वारा कुठे बर्फ उडवतो, कुठली टेकाडं आणखी काही दशकं तग धरतील, हे शोधण्याला आता घाई आहे. त्यासाठी ड्रोनने काढलेली चित्रं, हिमथराच्या जाडीची मोजमापं आणि मातीत खुपसलेले तापमापक यांची सांगड घालावी लागते, आणि त्याच चौकोनांत गुडघ्यांवर बसून एकेक रोप मोजणारी माणसंही लागतात.