पोळीचा रोल

पोळीचा रोल : तव्यावरून उतरवलेल्या गव्हाच्या पोळीवर सुके सारण पसरून किंवा एका कडेला ओळीने ठेवून केलेली सुरळी. घराघरांत याला ‘गुंडाळी’ किंवा ‘सुरळी’ही म्हणतात, मुलांच्या तोंडी मात्र ‘रोल’ पक्का बसला आहे. ताट-वाटी न घेता, एका हातात धरून उभ्या उभ्या खाता येणे हा याचा मोठा गुण. तूप-साखर लावलेला रोल सर्वांत साधा. पीठ परातीत घेतल्यापासून चार माणसांचे आठ रोल साधारण पाऊण तासात होतात, आणि त्यातली पंधरा-वीस मिनिटे कणीक नुसती झाकून पडलेली असते. घाई करायची असेल तर ती इतर कुठेही करावी, या वेळात करू नये.

रोलची चर्चा बहुधा सारणाची असते. रोल बिघडतो तो मात्र पोळीमुळे. ताटात भाजीबरोबर खाताना पोळी थोडी कडक झाली तरी चालते, तुकडा मोडूनच घ्यायचा असतो. रोलमधल्या पोळीला वाकावे लागते आणि वाकलेल्या अवस्थेत तासन्‌तास डब्यात राहावे लागते. त्यामुळे पुढची सगळी कृती शेवटी एकाच गोष्टीभोवती फिरते : पिठात घातलेले पाणी पोळीत टिकवायचे कसे.

नावाविषयी

महाराष्ट्रात या पदार्थाला काही घरे पोळी म्हणतात, काही चपाती. जिथे रोजचा शब्द चपाती आहे तिथे ‘आज पोळ्या आहेत’ याचा अर्थ पुरणपोळ्या असा घेतला जातो, आणि पाहुण्याची फजिती ठरलेली असते. गोव्यात आणखी एक घोळ होतो : कोकणीतला ‘पोळो’ म्हणजे डोसा. ‘पोळी’ हा शब्द जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गव्हाच्या पदार्थांमध्ये ‘पोलिका’ आणि ‘मंडक’ यांचा उल्लेख येतो. मंडक म्हणजे मांडा. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने भाजले अशी कथा सांगतात ते मांडे हेच.

पीठ

महाराष्ट्रातल्या बाजारात पोळीसाठी सर्वाधिक ऐकू येणारे नाव ‘लोकवन’. त्याचा वनाशी काही संबंध नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथील लोकभारती या संस्थेत तयार झालेल्या ‘लोक-१’ या जातीच्या नावातला आकडा इंग्रजीत उच्चारला गेला आणि तसाच रुळला. मध्य प्रदेशातल्या सिहोर भागाचा शरबती गहू महाग पडतो. त्याची पोळी मऊ आणि किंचित गोडसर होते. खपली गहू खिरीला उत्तम, पण त्यातले ग्लुटेन कमकुवत असल्याने त्याची पोळी ताण सोसत नाही आणि रोल करताना चिरते. तो आवडत असेल तर निम्मा लोकवन मिसळावा.

ग्लुटेन हा शब्द आला आहे तर त्याचे काम इथेच सांगितलेले बरे. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि हाताने मळले की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. एक प्रथिन ताण धरते, दुसरे सैलपणा देते. ज्वारी-बाजरीत हे जाळे होत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते, आणि निवली की ती वाकण्याऐवजी मोडते. झुणका किंवा ठेचा भाकरीवर ठेवून खातात तेव्हा भाकरी ताटलीचे काम करते, वेष्टणाचे नाही.

गिरणीच्या दगडी जात्यातून निघालेले पीठ गरम होते आणि त्यातल्या पिष्टाचे (स्टार्चचे) कण बरेच फुटतात. फुटलेले कण जास्त पाणी पितात. शेजारच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठाची पोळी जास्त वेळ मऊ राहते, या घरोघरीच्या समजुतीमागे हे कारण आहे. जाड कोंडा मात्र जाळे तोडतो. रोलसाठी पीठ चाळून घ्यावे, मैद्याइतके पांढरे करण्याची गरज नाही.

कणीक

अडीचशे ग्रॅम पिठाच्या मध्यम आकाराच्या आठ पोळ्या होतात. त्याला चिमूटभर मीठ, दोन चहाचे चमचे तेल आणि अंदाजे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर पाणी लागते. अंदाजे अशासाठी की नवा गहू कमी पाणी घेतो, जुना जास्त, आणि पावसाळ्यात पीठच दमट असते. पाणी एकदम ओतू नये. रोलची कणीक पुरीसारखी घट्ट नको आणि पुरणपोळीसारखी सैलही नको. बोटाने दाबली तर खळगा पडावा आणि हळूहळू भरून यावा.

पाणी कोमटाहून थोडे जास्त गरम घेतले तर पोळी अधिक लुसलुशीत होते. गरम पाण्याने थोडे पिष्ट आधीच फुगते आणि पाणी धरून ठेवते. तांदळाच्या उकडीमागचे तत्त्व हेच. पण उकळते पाणी घातले तर ग्लुटेनचे जाळेच होत नाही आणि पोळी लाटताना कडांना फाटते. काही जण पाण्याऐवजी दूध घालतात. पोळी मऊ होते खरी, पण तव्यावर लवकर लाल होते आणि डब्यात फार टिकत नाही.

पाच-सहा मिनिटे तिंबल्यावर कणकेच्या गोळ्याला तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली ठेवायचे. याच वेळात दोन गोष्टी घडतात : कोंड्यापर्यंत पाणी पोहोचते आणि ताणलेले जाळे सैल पडते. न मुरलेली कणीक लाटली की पोळी लाटण्याखालून परत आखडते, मग माणूस जोर लावतो, पोळी एकीकडे पातळ आणि एकीकडे जाड होते. ‘माझ्या पोळ्या गोल होत नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा हाताची नसून या पंधरा मिनिटांची असते.

झटपट रोटीच्या अनेक कृतींत दही, खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर घालायला सांगतात. पोळीला त्याची गरज नाही. ती पाण्याच्या वाफेनेच फुगते. शिवाय सोड्याने रोटी जाड होते, आणि जाड गोष्ट वाकवली की बाहेरची बाजू जास्त ताणली जाऊन चिरते. पावासारखी जाड रोटी पातळ आमटीत बुडवून खायला छान लागते, गुंडाळायला नाही.

लाटणे आणि भाजणे

रोलसाठी फुलक्यापेक्षा घडीची पोळी बरी. फुलका विस्तवावर टम्म फुगतो तेव्हा त्याचे दोन पापुद्रे होतात आणि त्यातला एक फार पातळ व कोरडा राहतो. सुरळी करताना तो हमखास फाटतो. घडीच्या पोळीत उंड्याची छोटी पुरी लाटून तिला तेल लावायचे, पीठ भुरभुरायचे, अर्धी घडी घालायची, पुन्हा तेल-पीठ आणि पुन्हा घडी. हा त्रिकोण लाटून गोल करतात. आत तेलाने वेगळे राहिलेले पदर असतात, आणि वाकवताना ते एकमेकांवरून थोडे सरकतात. पुस्तकाच्या पानांचा गठ्ठा सहज वाकतो आणि तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा वाकत नाही, तसाच हा प्रकार. व्यास वीस-बावीस सेंटिमीटर असावा. त्याहून लहान पोळीत सारण मावत नाही. लाटताना वरचे पीठ कमीत कमी लावावे, कारण ते तव्यावर करपते आणि पोळी कोरडी करते.

तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी ‘सावकाश नीट भाजते’ असे वाटते, प्रत्यक्षात ती वाळते. तव्यावर जितका जास्त वेळ, तितके जास्त पाणी उडते. पहिली बाजू रंग बदलू लागली की उलटायची, दुसऱ्या बाजूला तपकिरी ठिपके आले की परत उलटून फडक्याने कडा दाबायच्या. सगळा व्यवहार मिनिट-दीड मिनिटाचा. रोलची पोळी रोजच्यापेक्षा किंचित कमीच भाजावी, कारण भरल्यानंतर ती पुन्हा तव्यावर जाऊ शकते. उतरवल्यावर तेल किंवा तुपाचा हात फिरवून सुती फडक्यात एकावर एक ठेवतात. नुसत्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवल्या तर वाफेचे पाणी तळाच्या पोळीला लागते आणि ती चिकट होते. फडके ते पाणी टिपते, तरी पोळ्यांना कोरडे पडू देत नाही.

लाटण्याचा कंटाळा असेल त्या दिवशी धिरड्याचा मार्ग आहे. गव्हाचे पीठ ताकात किंवा पाण्यात सरसरीत भिजवून तव्यावर पसरले की दहा मिनिटांत गुंडाळता येईल असे काहीतरी तयार होते. त्यात एक अंडे फोडले तर ते चिरतही नाही. पोळीची चव त्याला येत नाही, हे मान्य करून टाकावे.

सारण

एकच नियम : सारण सुके हवे. बटाट्याची सुकी भाजी, परतलेली भेंडी, अंड्याची बुर्जी, कुस्करलेले पनीर, आदल्या दिवशीची उसळ पाणी आटवून. रस्सा, मीठ लावून पाणी सुटलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी यांनी पोळी अर्ध्या तासात भिजते. कच्चा कांदा हवाच असेल तर पोळीला आधी तूप, लोणी किंवा तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी लावून घ्यावी; स्निग्धाचा थर पाणी अडवतो. लसणाच्या कोरड्या चटणीवर तेल सोडून केलेला रोल हा प्रवासातला भरवशाचा सोबती, त्याला खराब व्हायला वेळ लागतो. गोडात तूप-साखर, तूप-गूळ, साखरांबा, गुळांबा. तूप-साखरेच्या रोलची एक खोड आहे. तूप वितळून खालच्या टोकाशी जमते आणि शेवटच्या घासाला कोपरापर्यंत ओघळते. म्हणून खालची दोन-तीन सेंटिमीटर कड आधी आत दुमडून मग सुरळी करतात. सारण भरलेला रोल शिवणीची बाजू खाली करून तव्यावर अर्धा मिनिट ठेवला की शिवण चिकटते आणि डब्यात उलगडत नाही.

नातलग

बाजारातल्या रोलची दोन घराणी प्रसिद्ध आहेत. कोलकात्याचा काठी रोल न्यू मार्केट परिसरातल्या निजाम्स या उपाहारगृहाशी जोडला जातो. कबाब भाजायला लोखंडी सळ्यांऐवजी बांबूच्या काड्या वापरात आल्या, त्यावरून हे नाव पडले. वेष्टण पराठ्याचे असते. मुंबईची फ्रँकी १९६९ मध्ये अमरजीत सिंग टिब यांनी आणली. बैरूतमध्ये पाहिलेला गुंडाळलेला रोटीचा पदार्थ ही त्यांची प्रेरणा, आणि नाव वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यावरून. फ्रँकीची रोटी अंड्यात घोळवलेली असते, त्यामुळे ती लवचीक राहते. वर आंबट मिरच्या-कांदा आणि मसाला. मुंबईतल्या मुलांनी घरच्या रोललाही फ्रँकी म्हणायला सुरुवात केली ती यामुळेच, मग आत बटाट्याची भाजी का असेना.

मेक्सिकोचा मूळ टॉर्टिया मक्याचा. गहू स्पॅनिश लोकांनी नेल्यावर उत्तर मेक्सिकोत गव्हाचा टॉर्टिया रुजला आणि बुरिटो त्याचाच. अमेरिकेत शिकायला गेलेली मराठी मुले हाच टॉर्टिया तव्यावर गरम करून पोळी म्हणून खातात. दिसायला जवळचा आहे, पण त्यात स्निग्धांश जास्त आणि बहुतेक वेळा बेकिंग पावडरही असते. परदेशातल्या याच गरजेतून रोटीची यंत्रेही निघाली. सिंगापुरात प्रणोती नगरकर आणि रिशी इसरानी यांनी तयार केलेले रोटीमॅटिक पीठ-पाणी घातले की मळून, दाबून, भाजून रोटी बाहेर देते. त्यात घडीची पोळी होत नाही, कारण यंत्र लाटत नाही, दाबते.

शिळी पोळी आणि साठवण

पोळी शिळी होते ती केवळ पाणी उडाल्यामुळे नव्हे. भाजताना फुगलेले पिष्ट थंड होताना पुन्हा स्फटिकासारखे घट्ट होत जाते, आणि ही क्रिया शून्य अंशाच्या थोड्या वरच्या तापमानात सर्वांत वेगाने होते. म्हणजे फ्रीजमध्ये. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेली पोळी सकाळी पुठ्ठ्यासारखी लागते ती या कारणाने, आणि तिचा रोल करायला गेले तर घडीच्या रेषेवरच मोडतो. पाण्याचा हात फिरवून तव्यावर झाकण ठेवून गरम केली की बरीचशी मऊ होते, पण लगेच खावी लागते. दुसऱ्यांदा निवली की पहिल्यापेक्षा कडक. डब्यासाठी हा मार्ग उपयोगाचा नाही. त्यापेक्षा तिची फोडणीची पोळी करावी, नाहीतर कुस्करून गूळ-तुपाचा लाडू. आठवड्याचे रोल आधी करून ठेवायचे असतील तर पोळ्या अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून बर्फाच्या कप्प्यात गोठवाव्यात. गोठलेल्या अवस्थेत ही क्रिया जवळजवळ थांबते, आणि काढल्यावर तापलेल्या तव्यावर टाकली की पोळी पुन्हा वाकते.