मिसळ, मटकी आणि मेंदूत शिरणारं औषध

नाशिककराला रविवारी सकाळी मिसळ सोडा म्हणणं अवघडच. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांना डॉक्टर तसं म्हणतही नाहीत. गोळी अर्धा-एक तास आधी घ्या, एवढंच सांगतात. मटकीतल्या प्रथिनांपासून अमिनो आम्लं होतात आणि लेव्होडोपा ज्या वाहक प्रथिनावर बसून मेंदूत शिरतं, त्याच्यावर तीही हक्क सांगतात. मेंदूला खरं तर हवं असतं डोपामिन. पण ते रक्तातून मेंदूत जातच नाही, म्हणून लेव्होडोपा देतात; मेंदूत त्याचं डोपामिन होतं.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटींतून बहुतेक औषधं झिरपत नाहीत. पेशीत शिरलेली कित्येक औषधं तिथले पंप परत रक्तात ढकलतात. म्हणून जीवसृष्टीतल्याच वाहकांचा शोध सुरू आहे.

त्यात पुढे आहे एएव्ही९ हा जेमतेम २५ नॅनोमीटरचा विषाणू. त्याची जनुकं काढून हवं ते जनुक भरतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या दोन वर्षांखालील बाळांसाठी असं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, शिरेतून, एकदाच. मात्र या विषाणूत मोठं जनुक मावत नाही आणि अनेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (ठरावीक लक्ष्याला धरणारी, शरीराची रक्षक प्रथिनं) आधीच असतात. त्याचाच सुधारित अवतार, पीएचपी.बी, उंदरांच्या मेंदूत धडाक्यात शिरला. माकडांत मात्र फुसका ठरला. तो ज्या प्रथिनाला धरून आत जायचा, ते माकडांत नसतंच, आणि उंदरांतही काही ठरावीक जातींच्याच मेंदूत ते कामी येतं! उंदरांवरच्या बातम्या वाचताना हे आठवावं.

एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या चमूने त्यांच्यावर रेबीज विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा बसवून उंदरांच्या मेंदूत आरएनए पोहोचवला. कल्पना देखणी, पण शिरेतून दिलेल्या बहुतेक पिशव्या यकृत-प्लीहेत अडकतात आणि दर खेपेला एकसारखा माल बनवणं कठीण. मला त्यांचा गवगवा जरा जास्तच वाटतो.

माझा कौल प्रतिपिंडांना. मेंदू लोह आत घेतो तो ट्रान्सफेरिन रिसेप्टर या केशवाहिन्यांच्या पेशींवरच्या प्रथिनामार्फत. त्याला धरणाऱ्या प्रतिपिंडाला औषध जोडायचं. हंटर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात एका एन्झाइमची उणीव असते. अशा मुलांना ते एन्झाइम पूर्वीही शिरेतून देत, पण ते मेंदूपर्यंत पोहोचत नसे. प्रतिपिंडाला जोडलेल्या एन्झाइमला जपानने २०२१ मध्ये मंजुरी दिली. यातही एक मेख आहे: प्रतिपिंडाने रिसेप्टर फार घट्ट धरला, तर ते पलीकडे सुटतच नाही, पेशीतच नष्ट होतं. त्यामुळे ही पकड मुद्दाम सैल ठेवण्यावर अनेकांचं काम चालू आहे.