बालकांसाठी जनुकीय चाचणीवर आधारित औषधयोजना

लहान मुलाला औषध द्यायचे तर डॉक्टर आधी वजन पाहतात, मग मिलिग्रॅम ठरवतात. तरीही सारख्याच वजनाच्या दोन मुलांपैकी एकाला तोच डोस लागू पडतो, तर दुसऱ्याला बाधतो. या फरकामागे पुष्कळदा जनुके असतात. रक्ताच्या नमुन्यावरून किंवा गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवरून ती तपासून औषध आणि मात्रा ठरवणे, ही औषधजनुकशास्त्राची बालरोगांतील उपयोजना होय. या शास्त्राला नाव दिले ते जर्मनीच्या फ्रिडरिख फोगेल यांनी, १९५९ मध्ये.

सर्वांत पक्के उदाहरण मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे आहे. त्यात मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. हे औषध निकामी करणारे टीपीएमटी नावाचे विकर (एन्झाइम) साधारण ३०० जणांमागे एकात जवळजवळ नसतेच. अशा मुलाला नेहमीचा डोस दिला तर अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. त्याला सुमारे एक दशांश मात्रा, तीही रोज न देता आठवड्यातून तीनदा पुरते. पूर्व व दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकातील बदल अधिक आढळतात. त्यामुळे त्यांची एकटी टीपीएमटी तपासून भागत नाही.

कोडीन या वेदनाशामकाची गोष्ट वेगळी. यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर त्याचे मॉर्फिन करते आणि काही मुलांत ते भलतेच वेगाने करते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अति मॉर्फिनमुळे श्वास मंदावून दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना ते वर्ज्य ठरवले. म्हणजे इथे चाचणीऐवजी औषधच बाजूला सारले गेले, आणि ते शहाणपणाचेच होते.

मुलांच्या बाबतीत खरी अडचण वयाची आहे. जनुक जन्मभर तेच राहते, पण यकृत वाढत असते. गर्भात सीवायपी३ए७ हे विकर काम करते, जन्मानंतर त्याची जागा हळूहळू सीवायपी३ए४ घेते. त्यामुळे प्रौढांसाठी बसवलेला अर्थ नवजाताच्या अहवालाला तसाच लावता येत नाही. सोबतची औषधेही घोळ घालतात: नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटिन सीवायपी२डी६ला अडवते, मग जनुक उत्तम असूनही विकर मंदच चालते. मानसोपचाराचे नेमके औषध निवडून देण्याचा दावा करणाऱ्या बाजारू चाचण्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

अहवालाला लागणाऱ्या वेळेचा प्रश्न मात्र एका ठिकाणी छान सुटला आहे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक अक्षर बदललेले असेल, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकामुळे बाळ कायमचे बहिरे होऊ शकते. आजारी नवजाताला प्रतिजैविक तासाभरात द्यावे लागते, प्रयोगशाळेचा अहवाल यायला मात्र दिवस जातात. मँचेस्टरमध्ये विकसित झालेली, खाटेजवळच करता येणारी चाचणी सुमारे २६ मिनिटांत उत्तर देते. हा बदल आईकडूनच येतो. म्हणून तो बाळात सापडला की आईला, मामा-मावशांना आणि सख्ख्या भावंडांनाही शक्यतो जेंटामायसिन टाळण्यास सांगतात.