जखमांसह उठलेला देह : पुनरुत्थानाच्या आशेची पार्श्वभूमी

येशूच्या पुन्हा उठण्याचा सण असलेल्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी, ऊन कलल्यावर, नागपुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत माणसे येऊ लागतात. कुणी चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आलेले असते, कुणी कबरीच्या फटीत उगवलेले गवत उपटत बसते. तडकलेली फरशी तडकलेलीच राहते, तिच्यावरून चुन्याचा हात तेवढा फिरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे याच कबरींमध्ये उभे राहून ‘प्रभू उठला आहे’ असे एकमेकांना सांगायचे असते. मरणाच्याच जागी हे शब्द उच्चारण्याचे बळ माणसांना कुठून मिळाले, हे पाहायचे तर येशूच्याही आधीच्या काळात जावे लागते.

इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास अंतियोख चौथा या राजाने यहूद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि नियमशास्त्र सोडायला नकार देणाऱ्यांना ठार मारले. जे देवाशी प्रामाणिक राहिले त्यांचाच बळी गेला, मग देवाचा न्याय कुठे राहिला, हा प्रश्न त्या छळातून उभा राहिला. बायबलच्या जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकातील, मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, ही घोषणा बहुतेक अभ्यासक याच काळातली मानतात. येशूच्या काळापर्यंत परूशी हा यहूदी पंथ पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील हे, मानत होता, तर मंदिराच्या सत्तेजवळ असलेला सदूकी हा पंथ ते नाकारत होता. ज्यांचे सारे सुरळीत चालले होते त्यांना या आशेची निकड भासली नाही, हे मला फार बोलके वाटते.

पंतय पिलात यहूदीयाचा सुभेदार असताना, म्हणजे इ.स. 26 ते 36 या दरम्यान, येशूला वधस्तंभावर खिळले गेले. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवलेली ही रोमन शिक्षा जीव घेण्याबरोबरच माणसाची अब्रूही धुळीस मिळवत असे. शिष्य पळाले, त्यांच्यातल्या पेत्राने येशूची ओळख नाकारली. त्यानंतर काय झाले याची सर्वांत जुनी सविस्तर लेखी साक्ष प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, साधारण इ.स. 53 ते 55 मधली, सापडते. आणि तिथेही पौल आपल्याला मिळालेलेच पुढे सोपवत असल्याचे सांगतो. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांत, कबर रिकामी असल्याची बातमी प्रथम स्त्रिया आणतात आणि प्रेषितांना ती बडबड वाटते, असे त्यांपैकी एकाचा लेखक लूक स्वच्छ लिहून ठेवतो.

या साऱ्यात योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलेला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. उठलेला येशू बंद दारांआड जमलेल्या, घाबरलेल्या शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवतो. आठ दिवसांनी थोमा या शिष्याला तो त्याच खुणांना हात लावायला सांगतो. मरणावर जय मिळवलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. झालेले दुःख पुसून टाकून आशा मिळते, असे ख्रिस्ती श्रद्धेने पहिल्यापासूनच म्हटले नाही. म्हणून अपत्य गमावलेल्या आईला ‘आता विसर’ असे सांगणाऱ्याने योहानाचे हे प्रकरण पुन्हा वाचावे, असे मला मनापासून वाटते.

मराठी वाचकाची इथे एक अडचण होते. ‘पुनरुत्थान’ म्हटले की शेजारचा ‘पुनर्जन्म’ आठवतो. मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’ याचा अर्थ मात्र उठून उभे राहणे असा आहे : जो पडला तोच, त्याच नावाने, त्याच जखमांसह उभा राहतो. मिशनरी विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने केलेल्या मराठी भाषांतरांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून, ही कल्पना आपल्या भाषेत वाट शोधू लागली.

नागपुरात ती मराठीतून रुजवण्याचे काम स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1845 पासून केले. शाळा, भूगर्भशास्त्र, गोंडांच्या भाषा आणि परंपरा या सर्वांत त्यांनी लक्ष घातले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्री नाल्याच्या पुरात ते बुडाले. ती शिळावर्तुळे म्हणजे प्राचीन माणसांची दफनस्थाने आहेत. पुनरुत्थानाचा प्रचारक दुसऱ्यांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या मृतांपाशी दिवस घालवून येताना गेला, ही गोष्ट मी आजही सहज वाचू शकत नाही. 1883 मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले.

हिस्लॉप गेल्यावर तीस वर्षांनी, 1893 मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या; संसार पुन्हा जुळला तेव्हा त्या अजून ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या.

मंडळ्यांचीही, म्हणजे चर्चसंस्थांचीही, स्थिती वेगळी नव्हती. परदेशातील भांडणांतून फुटलेले पंथ इथे वेगवेगळी चर्चे बांधून बसले होते. ते एकत्र यावेत म्हणून 1929 मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींना एक्केचाळीस वर्षे लागली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळीने मात्र ऐन वेळी त्याच वर्षी माघार घेतली. त्या दिवशी जोडले गेले ते जुन्या भेगांसकट, आणि एक भेग तर नवीच होती. तरीही प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीची, भाकर घेण्यासाठी ते एका मेजाभोवती आले.