फ्रेंचमध्ये वेळ सांगणे

‘किती वाजले?’ हे फ्रेंचमध्ये ‘केलर एतिल?’ असे विचारतात. उत्तर ‘इल ए’ने सुरू होते. (येथे दिलेले उच्चार देवनागरीत बसतील तितकेच नेमके आहेत.) मराठीत एक ‘वाजला’ आणि दोन ‘वाजले’, फ्रेंच क्रियापद मात्र आकडा कोणताही असो, एकवचनीच राहते. उलट ‘अर’ (तास) हा शब्द मराठीसारखा गाळता येत नाही. नुसते ‘इल ए त्र्वा’ (त्र्वा म्हणजे तीन) म्हटल्यास वाक्य लटकते. ‘अर’ स्त्रीलिंगी असल्याने १ वाजला म्हणजे ‘यूनर’, आणि २१ वाजले म्हणजेही ‘व्हँतेयूनर’.

शब्दकोशात ‘वेळ’साठी ‘ताँ’ सापडतो आणि नवशिके तो घड्याळालाही लावतात. ‘केल ताँ फेतिल?’ याचा अर्थ ‘हवा कशी आहे?’ असा होतो.

मराठी भाषकाला पाव-अर्ध्याची पद्धत परकी वाटत नाही, फक्त क्रम उलटा आहे. सव्वातीन म्हणजे ‘त्र्वाझर ए कार’, साडेतीन ‘त्र्वाझर ए दमी’, पावणेचार ‘कात्रर म्वँ ल कार’, म्हणजे चारातून पाव वजा. दीड आणि अडीच यांना वेगळे शब्द नाहीत. ते ‘यूनर ए दमी’ आणि ‘दझर ए दमी’. पाऊण वाजला हे ‘यूनर म्वँ ल कार’. ‘ए’ (आणि) फक्त पाव व अर्ध्यापुरता येतो. ‘तीन वाजून दहा मिनिटे’ यातले ‘वाजून’ डोक्यात असल्यामुळे ‘त्र्वाझर ए दीस’ असे तोंडी येते, पण बरोबर रूप नुसते ‘त्र्वाझर दीस’. चाराला दहा कमी असतील तर ‘कात्रर म्वँ दीस’. येथे ‘ल’ नाही, तो पावापुरताच.

रोजच्या बोलण्यात १२ वाजले असे आकड्याने सहसा सांगत नाहीत. दुपारचे ‘मिदी’, रात्रीचे ‘मिनुई’. दोन्ही पुल्लिंगी असल्याने त्यांच्यापुढे ‘दमी’ लिहिताना शेवटचे स्त्रीलिंगी अक्षर गळते, उच्चार तोच राहतो. दिवसाचे भागही मराठीशी जुळत नाहीत. रात्रीचे अकरा म्हणजे ‘ओंझर द्यू स्वार’, शब्दशः संध्याकाळचे. आणि रात्रीचे दोन म्हणजे ‘दझर द्यू मातँ’, सकाळचे! मध्यरात्र उलटली की ‘मातँ’ सुरू झाली.

‘अर’ घड्याळातल्या वेळेलाही चालतो आणि कालावधीलाही, म्हणून आधीचा शब्द नीट ऐकावा लागतो: ‘आ सँकर’ म्हणजे पाच वाजता, ‘दाँ सँकर’ म्हणजे पाच तासांनी.

रेल्वे, विमान, दवाखान्याची वेळ आणि दूरचित्रवाणी यांत २४ तासांची पद्धत चालते. लिहिताना तास व मिनिटे यांच्या मध्ये ‘आश’ (h) हे (शब्दात न उच्चारले जाणारे) अक्षर येते. या पद्धतीत पाव-अर्धा वापरत नाहीत: १५:३० म्हणजे ‘कँझर ए दमी’ नव्हे, ‘कँझर त्रांत’. पावणेचारही ‘कँझर कारांतसँक’.

खरी अडचण कानाची. एरवी मुका असलेला शेवटचा व्यंजनध्वनी ‘अर’च्या स्वरापुढे जागा होतो आणि त्याला चिकटतो, म्हणून दोन ‘दझर’, तीन ‘त्र्वाझर’. सहा-दहाचा (‘सीस’, ‘दीस’) ‘स’ ‘झ’ होऊन ‘सीझर’, ‘दीझर’. नवाचा ‘फ’ तर ‘व’ होऊन ‘नव्हर’. त्यामुळे फलाटावरील घोषणेत २ (‘दझर’) आणि १२ (‘दूझर’), ३ (‘त्र्वाझर’) आणि १३ (‘त्रेझर’), ६ (‘सीझर’) आणि १६ (‘सेझर’) यांत फरक एवढाच, की मधला स्वर बदलतो. आकडे सुटे पाठ केलेल्यांची गाडी येथे चुकते. ते पहिल्यापासून ‘अर’ जोडूनच घोकावेत.

राज्यक्रांतीच्या काळात १७९३ च्या हुकमाने दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटे ठरली होती. लोकांच्या अंगवळणी ती पडली नाहीत आणि ७ एप्रिल १७९५ रोजी सक्ती थांबली. त्या काळची, जुने व नवे दोन्ही आकडे असलेली घड्याळे संग्रहालयांत आहेत.