घर भाड्याने देण्याची जाहिरात

घर भाड्याने देण्याची जाहिरात म्हणजे रिकामा फ्लॅट, खोली किंवा बंगल्याचा एखादा मजला भाड्याने द्यायचाय हे सांगणारा मजकूर, फोटो आणि अटी, हे सगळं मिळून. पूर्वी ती पेपरात यायची किंवा गेटवर पाटी लागायची, आता ती मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग, नोब्रोकर अशा साइटवर, फेसबुकच्या ग्रुपवर, सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर नाहीतर एजंटच्या स्टेटसला दिसते. इथे मुख्यतः मुंबई-ठाणे आणि पुण्यातल्या जाहिरातींबद्दल लिहिलंय, कारण कायदा सगळ्या महाराष्ट्राला एकच असला तरी भाड्याच्या घरांची खरी धावपळ या पट्ट्यात आहे. शंभर फोन आणून एकही भाडेकरू न देणारी जाहिरात वाईट आणि दहा फोनमधून दोन पक्की माणसं देणारी चांगली, एवढं साधं माप आहे, आणि बहुतेक मालक नेमकं उलटं माप लावून बसतात.

मागचा इतिहास थोडा माहीत हवा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला उठवणं फार अवघड झालं, त्यातून पागडी, म्हणजे भाडेकरूच्या हक्कासाठी एकरकमी मोठी रक्कम घ्यायची पद्धत, पसरली, आणि मालक मंडळी लिव्ह अँड लायसन्सकडे, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराकडे, वळली. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरू मानलं गेलं आणि मालकांनी त्याचा जो धसका घेतला तो पुढे कित्येक वर्षं गेला नाही, लोक फ्लॅट कुलूप लावून ठेवायचे पण अनोळखी माणसाला द्यायचे नाहीत, दिलाच तर ओळखीतून, बँकेला किंवा कंपनीला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम २४ मध्ये लायसन्सची मुदत संपली की घर परत मिळवायची वेगळी वाट आहे आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करायची तरतूद आहे. आज मालक अनोळखी माणसासाठी उघड जाहिरात टाकतो, फोटो लावतो, त्याच्या मागे हा आधार आहे.

पेपरातल्या छोट्या जाहिरातीला शब्दांवर किंवा ओळींवर पैसे पडायचे, म्हणून "कोथरूडमध्ये टू रूम किचन, फॅमिली/बँक, एजंट क्षमस्व" एवढ्यात सगळं बसवायची सवय लागली. साइटवर जागा भरपूर आहे तरी लोक अजून तसंच लिहितात, "२ बीएचके, प्राइम लोकेशन, ऑल ॲमेनिटीज, कॉल करा". यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मग तो फोन करतो आणि तेच सात-आठ प्रश्न विचारतो: भाडं किती, डिपॉझिट किती, मेंटेनन्स धरून का वेगळा, पार्किंग आहे का, पाणी कसंय, कितवा मजला, लिफ्ट आहे का, बॅचलर चालतील का. या प्रश्नांची उत्तरं जाहिरातीतच असली की अर्धं काम झालं. ज्याला जमणार नाही तो फोनच करत नाही, आणि ते बरंच असतं.

पहिल्या ओळीत घराचा प्रकार, सोसायटीचा भाग आणि जवळची ओळखीची खूण हवी. "स्टेशनपासून ५ मिनिटं" या तीन शब्दांनी डोंबिवली-ठाण्यात जेवढी माणसं उन्हातान्हात फिरवलीत तेवढी दुसऱ्या कशानेच नसतील, कारण ती ५ मिनिटं चालत की शेअर रिक्षाने हे कोणी लिहीतच नाही, शिवाय पूर्व का पश्चिम हेही सोडून देतात. चालत किती, रिक्षाने किती, असं सरळ लिहावं. पुण्यात ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाल्यापासून कोथरूडच्या जाहिरातीत मेट्रो स्टेशन येऊ लागलं, ते चांगलंच आहे, फक्त स्टेशनचं नाव घालावं, "मेट्रोजवळ" म्हणून सोडू नये. हिंजवडीला नोकरी असलेला माणूस तर अंतर बघतच नाही, तो सकाळी ९ ला किती वेळ लागतो ते बघतो. फ्लॅट नंबर आणि विंग मात्र जाहिरातीत देऊ नये, घर रिकामं आहे हे सगळ्या जगाला सांगायची गरज नाही.

क्षेत्रफळात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. बिल्डरच्या जुन्या ब्रोशरमधला सुपर बिल्टअप आकडा, त्यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरलेला, तोच मालक जाहिरातीत टाकतात, आणि बघायला आलेला माणूस दारातच म्हणतो, "हे ९५० वाटत नाही हो". कार्पेट एरिया लिहावा. बिल्डर आणि घरखरेदीवर लागू असलेल्या २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या दिलीय: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडून. बाल्कनी असेल तर वेगळी सांगावी, ड्राय बाल्कनी, म्हणजे किचनला लागून धुण्या-भांड्याची जागा, असेल तर जरूर सांगावी, वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक घरातली बाई विचारतेच आणि आता पुरुषही विचारतात.

पैशांचं लपवू नये. भाडं "निगोशिएबल" एवढंच लिहिलं की लोक निम्म्यावरून सुरुवात करतात. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स कोणाकडे, ब्रोकरेज आहे का, लॉक-इन (ज्या काळात मधेच करार मोडता येत नाही तो) किती, दरवर्षी वाढ किती टक्के, हे सगळं आकड्यात. हेवी डिपॉझिट घेऊन भाडं कमी किंवा शून्य अशी पद्धत मुंबईत आहे, तसं असेल तर पहिल्या ओळीतच लिहावं, कारण तो गिऱ्हाईकच वेगळा असतो. घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा सरकारचा २००१ चा आदेश आहे, म्हणजे सेवा शुल्क २,५०० असेल तर २५० रुपये, आणि त्यात महापालिकेचा टॅक्स धरायचा नाही. हा खर्च मालकाचा, तो भाडेकरूच्या माथी मारायचा असेल तर निदान आधी सांगा. नोकरदार भाडेकरूला एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या, करसवलतीसाठी भाड्याची पावती आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो, म्हणून "पावती मिळेल, भाडं बँकेत" एवढे शब्द घातले तरी आयटीवाले पटकन फोन करतात. जे मालक पॅन द्यायला कां-कूं करतात त्यांच्याकडे चांगला भाडेकरू टिकत नाही.

ॲग्रीमेंट रजिस्टर होणार हेही लिहावं. त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं, शिवाय दंड किंवा कैद आहे ते वेगळंच. "११ महिन्यांचंच आहे, नोटरी करून टाकू" हे इथे चालत नाही, ११ महिन्यांचा करारही रजिस्टरच करावा लागतो. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं २८,००० आणि डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने: भाडं झालं ३,०८,०००, व्याज साधारण ९,१६७, बेरजेवर ड्युटी जवळपास ८०० रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. आता ही नोंदणी आधार कार्ड लावून घरबसल्या होते. हा खर्च निम्मा-निम्मा का एकाचाच, ही एक ओळ जाहिरातीत असली की शेवटच्या दिवशी भांडण होत नाही.

पाण्याबद्दल तर मोकळेपणाने लिहावंच लिहावं. कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता, का चोवीस तास टाकीचं, उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण देतं. वाकड, बाणेर, खराडीकडचा भाडेकरू आधी हेच विचारतो. मालक घाबरतात की टँकर लिहिला तर कोणी येणार नाही, पण येणारा माणूस खालच्या वॉचमनला विचारतोच, आणि वॉचमनकडून कळलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. तसंच लिफ्ट नसलेला तिसरा मजला, खाली लग्नाचं कार्यालय, पार्किंग फक्त टू-व्हीलरचं. घराची एक अडचण आपणहून सांगितली की उरलेली जाहिरात लोक खरी मानतात, हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

भाडेकरू कसा हवा हे लिहिताना "फक्त व्हेज", "फक्त फॅमिली", कधी जातीचं नाव सुद्धा लोक लिहितात. यातून माणसं दुखावली जातात, आणि शिकायला, नोकरीला आलेली चांगली पोरंपोरी केवळ एका शब्दामुळे दाराबाहेर राहतात. राहण्याचे नियम लिहावेत, माणसाची जात काढू नये: रात्री ११ नंतर मोठा आवाज नाही, तीन माणसांपर्यंत, पाळीव प्राणी चालेल किंवा नाही. बॅचलरबद्दल सोसायटीचं काय म्हणणं आहे ते सेक्रेटरीला आधी विचारून घ्यावं, टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) घेतल्यावर "सोसायटी नाही म्हणते" सांगणं म्हणजे त्या मुलांचे दोन आठवडे वाया घालवणं.

फोटो सकाळी, पडदे उघडून, दिवे लावून, मोबाईल आडवा धरून काढावेत, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून. हॉलचे सहा आणि बाथरूमचा एकही नाही असं नको, लोक बाथरूम आणि किचन ओटाच आधी बघतात. गीझर, सिंकखालची जागा, कपाट उघडून आतून, कपडे वाळत घालायची जागा, खिडकीतून काय दिसतं. पाच वर्षांपूर्वीचे, रंग नवीन असतानाचे फोटो टाकू नयेत. सेमी-फर्निश्ड म्हणजे नक्की काय हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, म्हणून वस्तू मोजून लिहाव्या.

हे सगळं धरून एक नमुना असा होऊ शकतो, आकडे केवळ उदाहरणाचे:

"कोथरूड, वनाझ मेट्रो स्टेशन चालत ८ मिनिटं. २ बीएचके, कार्पेट ६८० चौ. फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ४ पंखे, गीझर, किचन ट्रॉली, २ कपाटं आहेत. बेड, फ्रिज नाही. पाइप गॅस आहे. पाणी सकाळी २ तास, टाकी आहे, एप्रिल-मेमध्ये कधी टँकर, खर्च मालकाचा. १ टू-व्हीलर पार्किंग, कार बाहेर रस्त्यावर. भाडं २८,००० मेंटेनन्ससह, डिपॉझिट १ लाख, ११ महिने, करार रजिस्टर, खर्च निम्मा. फॅमिली किंवा नोकरी करणाऱ्या तिघांपर्यंत. १ जूनपासून रिकामा. संध्याकाळी ६ ते ९ फोन, घर शनि-रवि बघता येईल."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही तरी घर डोळ्यासमोर येतं.

वेळेचं म्हणाल तर फॅमिलीवाले शाळा सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये शोधतात, विद्यार्थी जून ते ऑगस्ट. साइटवर पहिल्या काही दिवसांतच जास्त फोन येतात, पुढे जाहिरात खाली जाते, तेव्हा भाडं जास्त लावून "बघू, कमी करू" म्हणत महिनाभर थांबण्यात तोटाच आहे, एक महिना घर रिकामं राहिलं तर २८,००० गेले, आणि १,००० कमी भाड्याने वर्षाला १२,०००च जातात.

नंबर उघडा टाकला की फसवणारेही येतात. ठरलेला प्रकार असा: "मी फौजेत आहे, बदली झालीय, घर न बघताच पसंत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा". पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले. उलट बाजूने, दुसऱ्याच्या घराचे फोटो चोरून स्वस्तात जाहिरात टाकायची आणि "व्हिजिट फी" मागायची हाही धंदा चालतो, म्हणून फोटोवर बारीक अक्षरात तारीख टाकली तर बरं. भाडेकरू ठरला की त्याची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायची असते, आणि हे होणार असं जाहिरातीत आधीच लिहिलं की खोटी कागदपत्रं घेऊन येणारे परस्पर गळतात.

टोकन आलं, करार ठरला, की जाहिरात त्याच दिवशी सगळीकडून काढावी, नाहीतर पुढचे दोन महिने फोन वाजत राहतो आणि घर शोधणाऱ्यांची उगाच पायपीट होते. फोटो मात्र तारखेसकट जपून ठेवावेत आणि चावी देताना भाडेकरूलाही पाठवावेत, पुढे डिपॉझिटमधून रंगाचे किंवा फुटलेल्या बेसिनचे पैसे कापायचे की नाही हा वाद निघाला तर तेच कामाला येतात.