बोलविता धनी पडद्याआड: युद्धप्रचाराकडून समाजमाध्यमांकडे

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तेथील जनमत एकसंध नव्हते. ते वळवण्यासाठी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्याच महिन्यात जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या नेतृत्वाखाली लोकमाहिती समिती नेमली. पोस्टर, वृत्तपत्रे आणि चित्रपट ही साधने समितीने वापरलीच. परंतु तिची सर्वांत लक्षणीय योजना म्हणजे गावोगावचे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक वक्ते, जे चित्रपटगृहात रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत उभे राहून युद्धाच्या बाजूने बोलत. भाषणाचे मुद्दे वॉशिंग्टनहून येत, श्रोत्यांपुढे मात्र ओळखीचा गावकरी असे. बोलविता धनी दूर ठेवून विश्वासातल्या माणसाकडून आपले म्हणणे वदवून घेण्याचे हे सूत्र आजच्या इन्फ्लुएन्सरपर्यंत टिकून आहे.

या समितीत काम केलेले एडवर्ड बर्नेज हे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. युद्धानंतर त्यांनी हे तंत्र व्यापारात आणले. ३१ मार्च १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी शिलगावल्या. स्त्रियांनी रस्त्यावर धूम्रपान करणे तेव्हा असभ्य मानले जाई. त्यामुळे ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून हा प्रसंग बातम्यांत झळकला. तो अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी बर्नेज यांनी घडवून आणला होता, हे वाचकांना कळायला मार्ग नव्हता. समानतेच्या खऱ्या आकांक्षेला सिगारेट चिकटवण्याचा हा प्रकार मला या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक टप्पा वाटतो, कारण त्या सवयीची किंमत पुढे असंख्य स्त्रियांनी आरोग्याने मोजली.

नाझी जर्मनीच्या प्रचारयंत्रणेच्या पार्श्वभूमीवर १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात क्लृप्त्या नोंदवल्या. विरोधकाला बदनाम करणे, मोघम पण भारदस्त शब्द वापरणे, नामवंतांची शिफारस मिळवणे, सोयीची तेवढीच माहिती पुढे करणे आणि ‘सगळेच आमच्याबरोबर आहेत’ असे भासवणे या त्यांपैकी काही होत. यांतील शेवटच्या क्लृप्तीला लाइक आणि फॉलोअरच्या आकड्यांनी कायमचे घर मिळवून दिले.

सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध पुढे येऊ लागताच अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापून संशोधन समितीची घोषणा केली. येथे विश्वासातला माणूस म्हणून विज्ञानच पुढे करण्यात आले.

समाजमाध्यमांनी या जुन्या सूत्रात मोठी भर घातली, ती व्यक्तिगत माहितीची. पोस्टर भिंतीवर असे तोवर सगळे एकच मजकूर पाहत आणि त्याचा प्रतिवाद करता येई. आता प्रत्येकाला त्याच्या कलानुसार निराळा संदेश देता येतो आणि शेजाऱ्याला तो दिसतही नाही. केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय प्रचारासाठी माहितीचे विश्लेषण करणाऱ्या कंपनीपर्यंत ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती गैररीत्या पोहोचली असावी, असे फेसबुकने २०१८ मध्ये सांगितले. त्याच वर्षी रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सी या संस्थेवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले: तिचे कर्मचारी सामान्य अमेरिकी नागरिक असल्याचे भासवून राजकीय मजकूर पसरवत होते, असा आरोप होता.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये संमत केलेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार जाहिरात कोणाच्या वतीने दाखवली जात आहे आणि तिचे पैसे कोणी दिले, हे समाजमाध्यमांना सांगावे लागते. जाहिरात असल्याची ओळखच न देता भाडोत्री खात्यांवरून येणारा मजकूर मात्र या तरतुदीच्या पकडीत सहजासहजी येत नाही.